शेजारी ठेवलेली डिस्क

माझा कॉम्प्युटर जुना आहे आणि माझ्यासारखाच तापट. मनात आलं तर सुरू होतो, नाहीतर काळं तोंड करून बसतो. त्यात माझं एकच धन होतं: सासूबाईंच्या स्वयंपाकाचे व्हिडिओ. त्यांना विचारावं, "किती तिखट?" तर म्हणतात, "बसंल तेवढं." असल्या मापानं कुणी शिकतं का? म्हणून दोन वर्षं मी त्यांचं चित्रण करत होते. ते जगाला दाखवायला त्यांची सक्त मनाई, त्यामुळे दुसरीकडे कुठेच प्रत नव्हती.

शेवटी सांगलीच्या बाजारातून नवी डिस्क आणली. नुसते व्हिडिओ ठेवायचे नव्हते. आतली डिस्क गेलीच, तर बाहेरच्या डिस्कवरून कॉम्प्युटर जसाच्या तसा सुरू व्हायला हवा होता. आता प्रश्न फॉरमॅटचा. एक फॉरमॅट टीव्हीला, शेजाऱ्यांच्या लॅपटॉपला, कुणालाही वाचता येणारा. पण त्यावरून माझा कॉम्प्युटर सुरू होईना. दुसऱ्यावरून व्हायचा, पण तो बाकी कुणालाच कळत नव्हता.

सासूबाई कवठे महांकाळकडच्या. शेजारी बसून हुलगे निवडत होत्या. "मंग शेजारच्या बाईला कसं दिसायचं?"

"नाही दिसणार, आई."

"असली एकलकोंडी डबी काय कामाची?"

"घरातलं बिघडलं, तर हिच्यावरून परत सुरू करता येतं."

"म्हंजी इरजान की!"

मला इतकं कौतुक वाटलं की मी त्यांना हसून टाळी दिली. आणि दुसराच फॉरमॅट करून व्हिडिओंसकट सगळं डिस्कवर उतरवलं.

त्यांच्याकडे इरजान, म्हणजे विरजण, एकाच घरात ठेवत नाहीत. आपलं दही बिघडलं तर मागता यावं म्हणून चमचाभर शेजारी देऊन ठेवतात. सासूबाईंनी मला न सांगता डिस्क शेजारी नेऊन ठेवली. शेजारीण प्रेमळ. सासूबाई व्हिडिओत कशा दिसतात बघू, म्हणून तिनं डिस्क आपल्या लॅपटॉपला लावली. लॅपटॉपला काही वाचता येईना. त्यानं विचारलं, डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करू का? इतक्या अदबीनं विचारल्यावर नाही कोण म्हणणार? सगळं पुसलं गेलं. तिनं रिकामी डिस्क रुमालात गुंडाळून देव्हाऱ्याशेजारी जपून ठेवली.

हे कळलं ते आमच्या कॉम्प्युटरची डिस्क गेली त्या दिवशी. सासूबाई मोठ्या ऐटीत जाऊन रुमाल घेऊन आल्या. दुरुस्तीवाल्यानं दोन्ही डिस्क बघून हात वर केले. मी भडकले. "न विचारता नेलीच कशाला?"

"घराला आग लागली आसती तर दोनी जळाल्या आसत्या गं," त्या हळूच म्हणाल्या.

बॅकअपमधली जाणकार माणसंही हेच सांगतात, एक प्रत घराबाहेर ठेवा. मला आणखीच राग आला.

दुसऱ्या दिवशी मी फोन घेऊन ओट्याशी उभी राहिले. म्हटलं, हुलग्याच्या शेंगोळ्यांपासून पुन्हा सगळं काढू. त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि मळलेलं पीठ माझ्यापुढे सरकवलं.

"लय काढलंस माझं. आता तू वळ, मी काढती. मी गेल्यावर ह्या घरात शेंगोळी तूच करणार हायस, ती डबी न्हाई."

मला रडू फुटलं. हात पिठानं भरलेले होते. त्यांनीच पदरानं माझे डोळे पुसले आणि म्हणाल्या, "वळ."