उपाशी नसलेले उंदीर

आमच्या क्वेर्नावाका शहरातल्या प्रयोगशाळेत ओब्दुलियाबाईंच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती. एकवीस वर्षं त्या उंदरांची खोली सांभाळत होत्या. मी त्याच मजल्यावर काचेची भांडी विसळते. माझंही तोंड काही कमी नाही, पण त्यांच्यापुढे मी गरीब गाय! "तुझ्या साबणाच्या वासानं माझी लेकरं शिंकतात," म्हणून मला रोज सुनवायच्या. लेकरं म्हणजे साठ उंदीर, मुद्दाम मधुमेह जडवलेले.

या उंदरांवर आमच्या तरुण संशोधक यादिराचा सगळा जीव टांगलेला. मधुमेहात रक्तातली चरबी वाढते, ती उतरवणारं द्रव्य या पोरीनं तीन वर्षं खपून बनवलं होतं. खाल्ल्यानं चढणारी चरबी मोजणीत येऊ नये म्हणून उंदरांना बारा तास उपाशी ठेवायचं, मग रक्त काढून चरबी मोजायची. महिन्याभरात दोनदा मोजलं, पण द्रव्य दिलेले आणि न दिलेले, दोन्ही सारखेच निघाले. शुक्रवारच्या बैठकीत प्रयोगशाळेचे प्रमुख, मोठे डॉक्टर, हे काम बंद करणार, हे ठरल्यातच जमा होतं.

गुरुवारी दुपारी मी भांडी न्यायला गेले, तर बाई पिंजऱ्यापुढे उकिडव्या बसलेल्या, तळहातावर चिमूटभर भुसा.

"हे बघ. कुरतडलंय."

महिन्याभरापूर्वी लाकडाचा भुसा संपला होता. खरेदी विभागाला काही जाग येईना, म्हणून बाईंनी भावाच्या शेतातली मक्याची कणसं दळून पिंजऱ्यांत अंथरली. दाणे काढलेली होती, पण थोडे चिकटून राहतातच. खाणं काढून घेतलं की ही मंडळी अंथरूणच फस्त करत होती.

"उपास कसला डोंबलाचा! पोटभर जेवलेत की गं हे!" बाईंचा चेहरा पांढरा पडला.

"कुठूनतरी लाकडाचा भुसा आणून घाला आणि गप्प बसा," मी म्हटलं. "चार महिन्यांनी निवृत्त होताय. आता कशाला पेन्शनवर गदा आणता?"

"आणि ती पोरगी?"

खरं सांगते, लाज वाटली.

शुक्रवारी बाई तशाच ॲप्रनवर बैठकीत शिरल्या आणि सगळं सांगून मोकळ्या झाल्या. मोठे डॉक्टर असे खवळले की मला बाहेर ऐकू येत होतं. "कुणाला विचारून अंथरलंत? कुणाला?"

"चुकलंच माझं. मला घरी पाठवा, पण तिचं काम बंद करू नका. अंथरूण काढून तळाला तारेची जाळी लावा आणि एकदा परत मोजा."

मग डॉक्टर म्हणाले, "मोजा. तुमचं काय करायचं ते नंतर बघू."

त्यानंतर तीन आठवडे बाई कुणावर ओरडल्या नाहीत. मी घरून मक्याच्या पिठाचे वाफवलेले तामाले नेले, तर एक घास खाऊन झाकून ठेवले. मला तर त्यांच्या शिव्यांवाचून करमेना.

शेवटी एका सकाळी यादिरा कागद घेऊन उंदरांच्या खोलीत आली. डोळ्यांतून धारा. द्रव्य दिलेल्यांची चरबी बाकीच्यांच्या निम्म्यावर आली होती. डॉक्टरांनी बाईंना समज देणारं एक कडक पत्र लिहून विषय मिटवला होता, तेही तिनंच आणून दिलं.

पत्राकडे बाईंनी बघितलंसुद्धा नाही. "मला आकडे कळत नाहीत. चाललं का तुझं औषध?"

"चाललं, बाई."

"मग रडतेस कशाला, वेडे?" असं म्हणत बाई स्टुलावर बसल्या आणि ॲप्रन तोंडाला लावून स्वतःच हमसाहमशी रडायला लागल्या.