दगडाबाईंची कायमची मनाई

कळसच्या दगडाबाईंनी यापुढं कुणालाही औषध देऊ नये, असा कोर्टाचा मनाई हुकूम आला, त्या दिवशी घरात चूल पेटली नाही. नवरा संभाजीराव डोकं धरून ओट्यावर बसले. कावीळ उतरवणारं नावाजलेलं घर, आणि त्यावर हे बालंट. दगडाबाई मात्र गोठ्यात जाऊन, तोंडात पदर कोंबून हसत होत्या.

सासूनं जाताना औषधाचा हात त्यांना दिला, तोही न विचारता. सोबत नेम दिले. पैसा घ्यायचा नाही, कुणाला नाही म्हणायचं नाही, रविवार औषधाचा वार, त्या दिवशी शेवटचा माणूस जाईपर्यंत पाण्याचा घोट घ्यायचा नाही आणि गावची शीव ओलांडायची नाही. बारामतीला दिलेल्या लेकीच्या, सुकन्याच्या, वास्तुशांतीलाही बाई गेल्या नाहीत, कारण ती नेमकी रविवारी. तेही सोसलं असतं. पण मागच्या साली निरवांगीचा शंभूराज, कोवळं पोर, बाईंच्या औषधाच्या भरवशावर घरीच पडून राहिलं आणि दवाखान्यात कसंबसं वाचलं. तेव्हापासून दारात पिवळे डोळे दिसले की बाईंना तेच पोर दिसायचं. तरी नाही म्हणायची सोय नव्हती. ती डॉक्टरांच्या संघटनेनं दावा लावून करून दिली.

पण हुकूम होता तात्पुरता. पुतण्या दिग्विजय नवाकोरा वकील, काळ्या कोटाची इस्त्रीही न मोडलेली. काकी पैसाच घेत नाही तर धंदा कसला, हुकूम उठवतोच, असं तो छातीठोक सांगू लागला. गाव खूश, दगडाबाई गार. पोरगं हुशार होतं, जिंकायचं मेलं.

तारखेला दोन टेम्पो भरून गाव इंदापूरच्या कोर्टात गेलं. दिग्विजय असा काही रंगला की न्यायाधीशांची मानही हलू लागली. आता हुकूम उठतो, असं बाईंना दिसलं. त्या उठल्या. संभाजीरावांनी पदर ओढला, तो सोडवून घेत त्यांनी हात जोडले.

"सायेब, तात्पुरती नगं, कायमची मनाई द्या. मला न्हाय म्हनता येत न्हाय, तुमी म्हना."

दिग्विजयनं हातातले कागद खाली ठेवले. कुणाचा दबाव आहे का, असं साहेबांनी विचारलं. हाय की, बाई म्हणाल्या, मेलेल्या सासूचा. साहेबांनी तोंडाला रुमाल लावला, आणि मनाई कायम झाली.

परतताना टेम्पोत त्यांच्याशी कुणी बोललं नाही. त्यांना त्याचंही हसूच येत होतं.

रविवारी पणदऱ्याहून जीप आली. आत पिवळाधमक तरुण, शेजारी रडकुंडीला आलेली आई. दगडाबाईंनी मोठ्या तोऱ्यात कोर्टाचं नाव सांगून औषधाला नाही म्हटलं आणि स्वतःच जीपमध्ये चढून बसल्या, चला म्हणाल्या, बारामतीच्या दवाखान्यात. रविवारी शीव ओलांडायची ही पहिलीच वेळ, त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले. काहीही झालं नाही. त्यांनी खिडकीतून तोंड बाहेर काढलं आणि वाटभर वारा खाल्ला.

डॉक्टरांनी पोराला लगेच आत घेतलं. नर्सनं बाईंना विचारलं, "तुम्ही पेशंटच्या कोण?"

"कुनी न्हाय, बाय," दगडाबाई म्हणाल्या, आणि त्यांना इतकं हसू आलं की भिंतीला टेकावं लागलं.