काकांची गुळणी

“दोनदा गुळणी केलीय की! आता बाळाला घ्यायला काय हरकत हाय?” शेजारचे काका अंगणातल्या नळापाशी लेकीला विचारत होते. ती बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ बारा दिवसांचं होतं.

नवी पेठेतून आले की काका चप्पल काढण्याआधी तपकिरी जंतुनाशकाची गुळणी करतात. मान मागे टाकून बोटांवर तीस मोजतात आणि मध्येच कुणी हाक मारली तर भुवयांनी उत्तर देतात. साथीच्या वर्षी त्यांनी आमच्या दारातही रोज गुळणीचा एक पेला आणून ठेवला होता. मी कधी आभार मानले नाहीत. अशा वेळी मला शब्द सापडत नाहीत, आणि मराठीत ‘धन्यवाद’ म्हणणं तर परक्यासारखं वाटतं.

आज त्यांचे डोळे लाल होते आणि खोकला थांबत नव्हता. लेक बाळाला छातीशी धरून उभी होती. वडिलांना नाही म्हणणं तिला जमत नव्हतं. काकांनी हात पुढे केले.

मी आमच्या गॅलरीतून वाकले. “काका, गुळणी केली तरी खोकल्यातून बाळाला लागण होऊ शकते. बरं वाटेपर्यंत लांबूनच बघा ना.”