अण्णांच्या खिशातला गूळ

फोन वाजला तेव्हा मी श्रुतीचा सुट्टीतल्या क्लासचा डबा भरत होते. ती समोरच बसली होती, इन्सुलिनचं इंजेक्शन नुकतंच घेतलेलं, चपातीचा पहिला घास हातात. गेली काही वर्षं फोन वाजला की माझ्या मनात आधी पोरच येते. शाळेतून असेल का, क्लासमधून असेल का, पोरीची साखर उतरली असेल का... पण त्या सकाळी पोर डोळ्यांसमोर होती, म्हणून मी अगदी निर्धास्तपणे फोन उचलला. गावाहून धाकटे दीर बोलत होते. "वहिनी, अण्णा गेलं," एवढंच म्हणाले आणि रडायला लागले. अण्णा बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, दर्शन घेऊन आले, बाहेरच्या सोप्यात खुर्चीवर टेकले, चहा मागितला आणि चहा येईपर्यंत सगळं संपलं होतं. त्यांच्या जिवाची काळजी मला कधी वाटलीच नव्हती. माझी सगळी काळजी मी एकाच ठिकाणी खर्च करून बसले होते. मी, मिस्टर आणि श्रुती, आम्ही तिघं होतो तसे गाडीत बसलो आणि हातकणंगल्याच्या रस्त्याला लागलो.

अण्णा माझे सासरे. गावात थोडी शेती, ऊस आणि वडिलांपासून चालत आलेलं गुऱ्हाळ. आवाज असा की त्यांनी कानात सांगितलेलं गुपित गल्लीच्या टोकाला ऐकू जायचं. दिवस मावळला की त्यांच्या तोंडात पाण्याचा थेंबही जायचा नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा ऊन भिंतीवर चढायला लागलं की "ताटं मांडा की!" अशी आरोळी यायची आणि मला वाटायचं, सूर्य या माणसाला विचारूनच मावळत असावा. पण त्यांची खरी श्रद्धा होती उसाच्या रसावर. आदिनाथ भगवानांनी वर्षभराचा उपवास उसाच्या रसानं सोडला, म्हणून अक्षय्य तृतीयेला आमच्यात रस वाटतात. अण्णांनी ही गोष्ट फारच मनावर घेतली होती. कावीळ झाली, रस. ताप आला, रस. कुणाचा पोरगा दहावीला नापास झाला, त्यालाही रस. वाटेनं जाणाऱ्या परक्या माणसाला हाक मारायचे, "पावणं, रस पिल्याशिवाय पुढं जायाचं न्हाय!" आणि माणूस खरंच थांबायचा, काही भक्तीनं, काही त्या आवाजाला भिऊन.

श्रुती दुसरी पास झाली त्या उन्हाळ्यात आम्ही तिला गावी ठेवलं. मी पतसंस्थेत नोकरीला, माझे मिस्टर अजित शिरोलीच्या एका फाउंड्रीत. सुट्टीत पोरीकडे बघायला कोल्हापुरात कोण होतं? अण्णांचा रोज फोन यायचा. "पोरगी लई पाणी पितीया. ऊन कडक हाय न्हवं! आन् मी सकाळ-संध्याकाळ रस देतोय, काळजी करू नगंस." मी काळजी केली नाही. तृतीयेला आम्ही गावी गेलो तर पोर काठीसारखी झालेली, डोळे खोल गेलेले. मी म्हटलं, उन्हात हुंदडली असेल. दुपारी तिला उलट्या सुरू झाल्या. अण्णा म्हणाले, "पित्त हाय. थंड रस द्या, आत्ता बसंल." तिनं गटागटा पेलाभर रस प्यायला. थोड्या वेळानं तिचा श्वास भात्यासारखा चालायला लागला आणि हाक मारली तर ती अर्धवटच डोळे उघडू लागली.

हातकणंगल्याच्या डॉक्टरांनी तिच्या तोंडाशी नाक नेलं, बोटाला सुई टोचली आणि यंत्र आमच्याकडे फिरवलं. त्यावर आकडाच नव्हता. साखर यंत्राला मोजता येण्याच्या पलीकडे गेली होती. "कोल्हापूर गाठा. थांबू नका," एवढंच ते म्हणाले. मागच्या सीटवर अण्णांच्या मांडीवर तिचं डोकं होतं. "श्रुते, डोळं उघड! ए श्रुते, आज्जाकडं बघ की!" त्यांच्या त्या आवाजानं गाडीच्या काचा थरथरत होत्या आणि पोर मात्र हलत नव्हती. शिरोलीच्या फाट्यावर ट्रकांची ही रांग. अजित स्टिअरिंगवर हात आपटत होते. मी तिच्या छातीवर तळवा ठेवून बसले होते, श्वास चालू आहे ना एवढंच बघत. आणि अण्णांच्या पायाशी, वाटेत लेकराला तहान लागली तर असावी म्हणून भरून घेतलेली, रसाची बाटली होती.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पोटात काय काय गेलंय? आम्ही बोलायच्या आत अण्णा पुढे झाले. "रस. ताजा, आमच्याच उसाचा. आठवडाभर देतोय, दुसरं कायबी न्हाय." बाईंनी त्यांना खुर्चीवर बसवलं. मग शांतपणे म्हणाल्या, "आजोबा, हिला डायबेटिस आहे. लहान मुलांनाही होतो. तो रसानं झालेला नाही. पण रसानं साखर फार वाढली." अण्णा आमच्याकडे बघत राहिले. "साखरंचा रोग? त्यो म्हाताऱ्यांचा. मला न्हाय, आन् ह्या चिमणीला?" बाईंनी पुन्हा समजावलं. त्यांनी सांगितलेल्या दोन गोष्टींपैकी अण्णांच्या कानात शेवटचीच राहिली. ते बाटली घेऊन बाहेर गेले आणि हॉस्पिटलच्या गटारात ती ओतून आले.

आयसीयूच्या बाहेरचे ते दिवस मी अजून विसरलेले नाही. साखर हळूहळू उतरवायची, घाई केली तर मेंदूला सूज येऊ शकते, असं सांगितलेलं. म्हणजे साखर वाढली तरी भीती आणि उतरली तरी भीती. दार उघडून नर्स बाहेर आली की आम्ही तिघंही उठून उभे राहायचो, आणि ती कुठल्या तरी दुसऱ्याच पेशंटचं नाव घ्यायची. आम्हाला आळीपाळीनं आत सोडत. अण्णा गेले नाहीत. "मी न्हाय जात आत," म्हणून भिंतीला टेकून बसून राहिले. त्यांना कुणी एक शब्द बोललं नव्हतं. अजितनं जेवणाचा डबा पुढे केला तर त्यांनी तो बाजूला सारला आणि तो गल्लीभर जाणारा आवाज इतका बारीक झाला होता की मला वाकून ऐकावं लागलं. "मला कुणीतरी शिव्या द्या की रं..." अजितनं त्यांच्या शेजारी फरशीवर बसकण मारली. बापलेकांनी एकमेकांकडे बघितलं नाही, पण खांद्याला खांदा लागलेला होता.

श्रुतीनं नीट डोळे उघडले तेव्हा मी आत होते. कोरड्या ओठांनी ती पहिला शब्द काय बोलली असेल? "आज्जा... रस." मी हसत, रडत बाहेर येऊन अण्णांना सांगितलं, पोरगी बोलली. "काय बोलली?" त्यांनी विचारलं. खोटं बोलणं मला कधी जमलेलं नाही. मी होतं तसं सांगितलं, त्यांनी ऐकलं आणि ते जिन्याकडे निघून गेले.

त्यानंतरचे अण्णा वेगळेच. गुऱ्हाळ धाकट्या दिरांवर सोपवलं, तृतीयेचं रसवाटप बंद केलं आणि आमच्याकडे कोल्हापुरात राहायला आले. पोर शाळेतून आल्यावर घरी कुणीतरी हवं, हे खरंच होतं. पण तिला स्वतःच्या हातानं साधी चपातीसुद्धा वाढायचे नाहीत. "सुजाता, देऊ का?" मला विचारायचे, मी कामावर असले तर फोन करून विचारायचे. इन्सुलिन घेणाऱ्या पोराची साखर कधी एकदम खालीही जाते, घाम येतो, अंग थरथरतं, तेव्हा लगेच गोड द्यायचं, नाहीतर शुद्ध हरपते, हे डॉक्टरीणबाईंनी त्यांना समोर बसवून समजावलं होतं. घरी येताना रिक्षात म्हणाले, "बाई म्हणत्यात ते खरं असंल. पर माझ्या हातनं गोड न्हाय." मला चीडही आली आणि भीतीही वाटली. रोज संध्याकाळी पोर याच माणसाच्या हवाली होती.

आणि व्हायचं ते झालंच. एका संध्याकाळी मी स्कूटरवरून घरी निघाले होते, दसरा चौकात फोन वाजला. "सुजाता, पोरगी खेळून वर आली ती कापाया लागलीया. घामानं भिजलीया. शाळंला उशीर झाला म्हणतीया गं, आत्ता, ह्या वक्ताला!" मी स्कूटर कडेला घातली. "अण्णा, साखर उतरलीय तिची. गूळ द्या." मी पुन्हा सांगितलं, "अण्णा? ऐकताय ना? डब्यातला गूळ!" मग तो बारीक झालेला आवाज आला. "माझ्या हातनं?" भर चौकात मी किंचाळले, "तुमच्याच हातनं! आत्ता!" फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज, मग डबे पडल्याचा खणखणाट. माझ्या भोवती रिक्षा, बस, हॉर्न, आणि मी एक कान बोटानं दाबून दुसऱ्या कानानं माझ्याच घरात काय चाललंय ते ऐकत उभी. "खा गं माझी बाई... चाव... आनि एक खा... आज्जा हाय हितं..." असं त्यांचं चालू होतं. तिचा आवाज मात्र येत नव्हता. चावते आहे का ती? गिळते आहे का? मी उभ्या उभ्या णमोकार मंत्र म्हणायला लागले आणि निम्म्यातच विसरले. किती वेळ गेला देव जाणे. मग रडवेला, चिडका, पण शुद्धीतला आवाज आला. "आज्जा, बास की! किती भरवतोयस!"

घरी पोचले तर फरशीवर डाळ-तांदूळ सांडलेले आणि त्यात अण्णा तिला पोटाशी धरून बसलेले. बोटांना गूळ चिकटलेला. दिवस मावळून गेला होता, त्यांचं जेवण राहिलं होतं ते राहिलंच. मला बघून म्हणाले, "दिला बघ. माझ्या हातनं दिला." आणि तो जुना, गल्लीभर जाणारा आवाज फोडून रडले.

त्या दिवसापासून अण्णांच्या शर्टाच्या खिशात गुळाचा खडा आला. कागदाच्या पुडीत बांधलेला असायचा, पण उन्हाळ्यात पाझरायचाच. पांढऱ्याशुभ्र शर्टाच्या खिशाला तांबूस डाग, तो कुठल्याही साबणाला दाद द्यायचा नाही, आणि खुंटीपासून उंबऱ्यापर्यंत मुंग्यांची रांग. मी वैतागायचे. "अण्णा, ग्लुकोजच्या गोळ्या मिळतात की! स्वच्छ, कोरड्या." "त्या खडूवर माझा इश्वास न्हाय," असं उत्तर. श्रुती क्लासला जायला लागली तसे ते बाहेर कट्ट्यावर बसायला लागले. मैत्रिणी हसतात म्हणून तिनं तक्रार केली, तर दुसऱ्या दिवसापासून रस्त्यापलीकडे वडापावच्या गाड्यामागे उभे राहायला लागले. एवढा मोठा माणूस गाड्यामागे लपतो कसा? सगळ्या क्लासला ठाऊक होतं.

यंदा श्रुतीनंच हट्ट धरला. "आज्जा, तू रस वाट परत. मी नाही घेणार, पण लोकांनी काय पाप केलंय?" इतक्या वर्षांनी ते तृतीयेला बस्तीसमोर उभे राहिले. प्रत्येक लेकराच्या आईला आधी विचारत होते, "पोरगं बरं हाय न्हवं? लई पाणी पीत न्हाय न्हवं?" आणि मगच पेला देत होते. रांग संपता संपेना. आम्ही कोल्हापूरला परतलो, ते म्हणाले, चार दिवस राहून येतो. आणि मग तो फोन आला.

आम्ही पोचलो तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. अंत्यविधी व्हायचा होता, चूल बंद होती. श्रुती आज्जाच्या पायाशी बसली ती उठेना. बाईमाणसं येऊन माझ्या गळ्यात पडत होती. एकीच्या खांद्यावरून माझी नजर पोरीकडे गेली. तिच्या वरच्या ओठावर घाम होता, बोटं थरथरत होती. इंजेक्शन घेतलेलं आणि तो घास तसाच ताटात राहिलेला. भरलेला डबा ओट्यावर, गोळ्या तिच्या दप्तरात, आणि दप्तर कोल्हापुरात. मी गर्दीतून वाट काढायला लागले तोवर ती स्वतःच उठली. भिंतीला धरत धरत खुंटीपाशी गेली. तिथं अण्णांचा शर्ट टांगलेला होता. तिनं खिशात हात घातला, पुडी सोडली, खडा तोंडात टाकला आणि दुसरा हात त्या खिशातच ठेवून डोळे मिटून उभी राहिली. नात्यातल्या एक म्हाताऱ्या बाई कुजबुजल्या, "अगं, अजून माती व्हायची हाय. तोंडात काय घालतीस?"

"आज्जानं दिलंय," श्रुती म्हणाली.

तो शर्ट आता आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे आहे. धुवायचा नाही, अशी मला ताकीद आहे. खडा श्रुती बदलते, कधी अजित बदलतात. मुंग्या येतातच. दिवस मावळायला लागला की त्यांची रांग दाराकडे निघालेली दिसते, मी झाडू उचलते आणि परत ठेवते. मग खिसा चाचपून बघते, खडा आहे ना.