तीन फाटलेल्या पुड्या

वर्षभरात बाबांनी तबल्याच्या तीन पुड्या फाडल्या आणि तिन्ही वेळा खापर फोडलं कुलरवर. दमट हवेनं पुडीचं कातडं सैल पडतं, सूर उतरतो, हे मलाही मान्य. पण म्हणून भिलाईच्या मे महिन्यात कुलर बंद? आई पदरानं वारा घेत बसायची आणि तबला मात्र दुलईच्या खोळीत आरामात.

लग्न होऊन मी जवळच दुर्गला, पद्मनाभपुरात असते. दर गुरुवारी भजनाला माहेरी येते, पेटी मीच वाजवते. तबला पेटीशी बरोबर मिळालेला असायचा. तरी बाबा काठावर बोट मारत, कान खाली नेत, ‘उतरला’ म्हणत आणि हातोडीनं बाजूचे लाकडी गट्टे ठोकून पुडी ताणायला लागत. कातडं किती ताण सोसणार? मग फाटलेली पुडी बदलायला तबला घेऊन दुर्गच्या दुरुस्तीवाल्याकडे कोण जाणार, तर मी. दुरुस्तीवाला म्हणाला, चमड्यात खोट नाही, कोणीतरी गरजेपेक्षा जास्त चढवतंय. घरी येऊन हे सांगितलं तर बाबांनी त्याचीच अक्कल काढली.

सुरातलं आणि बेसूर मला याच माणसानं शिकवलं होतं. रोलिंग मिलच्या धडधडीत त्यांनी उभी नोकरी काढली, म्हणून कानाच्या डॉक्टरकडे चला म्हटलं की ते उठून बाहेर जात. माझं डोकं फिरायचं.

एका गुरुवारी चौथी, कोरी पुडी चढवलेली होती. अभंग ऐन रंगात आलेला, आणि बाबांनी हातोडी उचलली. मी पेटी थांबवली आणि सगळ्यांदेखत म्हणाले, “बाबा, तबला लागला आहे. कान तुमचे उतरले.”

त्यांनी हातोडी खाली ठेवली. बाकीचं भजन ठेका जराही न चुकवता वाजवलं. मंडळी गेल्यावर तबल्यावर खोळ घालता घालता म्हणाले, “मले मालूम आहे. दोन वर्षं झाले, काठाचा आवाज येतच नाही.”

“मंग काहून ठोकून राहिले होते?”

“वाटे, अजून थोडा चढवला तं येईन ऐकू.”

मला रडू आलं आणि रागही आला. दोन वर्षं माहीत होतं, तरी आईला उकाड्यात बसवलं, मला दुरुस्तीवाल्याकडे खेपा घालायला लावल्या आणि तोंडातून एक शब्द काढला नाही. तो राग अजून गेलेला नाही.

आता तबला मी लावते. बाबा समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत असतात. मग विचारतात, “लागला का?” मी हो म्हणेपर्यंत ते तबल्याला हात लावत नाहीत.