कालची मोहफुलं
मोहाच्या दिवसांत मी लॅपटॉपसकट गावी आले, आरमोरीच्या पुढे. आईला वाटलं, पोरगी फुलं वेचायला आली. मी आले होते विश्वाचं रहस्य उलगडायला.

विश्वातलं बहुतेक द्रव्य दिसत नाही. त्याचे फार हलके कण असलेच, तर परदेशात डोंगराखालच्या तेलाच्या अवाढव्य टाकीत त्यांतला एखादा आपटून बारीक चमक उठेल, अशी आशा. टाकी मुळात न्यूट्रिनो नावाचे दुसरे कण टिपायला बांधलेली. तीन वर्षं मी अशा चमका चाळत होते. आता अकरा अशा सापडल्या होत्या, ज्यांचं दुसरं कारणच दिसेना. सोमवारी त्या आमच्या संशोधन गटासमोर ऑनलाइन मांडायच्या होत्या. माझी पीएचडी त्यांवरच उभी होती. भाषण मी आरशासमोर म्हणून पाहिलं होतं, नम्र चेहऱ्यासह.

रविवारी सकाळी मी पहाटे गळलेली फुलं समजून बघता बघता टोपली भरली. आईने फुलं चिवडली. निम्मी तपकिरी, आंबूस.

"हे कालचे होत. सांजच्याले झाडाखाली झाडलं नाई काऊन?"

"झाडलं की."

"कुठवर?"

"खोडाभोवती." मला लॅपटॉपकडे परतायची घाई होती.

"फुलं का खोडालेच चिकटून पडते?"

मी टोपली टाकून घरी पळाले. आकाशातून आलेला भरधाव कण टाकीतून जातो, तेव्हा वाटेतले काही अणू मोडून जातो आणि त्यांचे तुकडे मागाहून चमकतात. त्याच्या वाटेलगतच्या चमका मी वगळल्या होत्या. फक्त लगतच्या. घेर वाढवला, आणि अकराच्या अकरा गेल्या.

आई आली तेव्हा मी खाटेवर रडत होते.

"सगळी कालचीच निघाली," मी म्हटलं.

तिला समजावून सांगावं लागलं नाही, याचाच मला जास्त राग आला.

"एकबी नाई उरलं?"

"नाही."

"मंग या झाडाखाली काई नाई म्हून सांग लोकायले. ते तरी खेटे नाई घालणार."

सोमवारी मी तेच सांगितलं, आलेख लावून, पाऊण तास. पीएचडी मिळेल म्हणे, न सापडल्याची. गाइड म्हणाले, सफाई उत्तम झाली आहे.

मी हे आईला मोठ्या अभिमानाने सांगितलं. तिने खराटा माझ्या हातात दिला. त्या संध्याकाळी मी फांद्यांच्या शेवटच्या टोकाखालपर्यंत झाडलं.