प्याला न घेणारा फोरमन

बडोद्याजवळच्या छाणीच्या त्या वर्कशॉपमधली घटना आजही जशीच्या तशी आठवते. पोलिसातल्या नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, नेत्यांचे फोन झेलले. पण कुणी विचारलं, साहेब, एखादी केस सांगा, की तोंडात हीच येते. नावं सांगणार नाही. सगळी माणसं बडोद्यातच आहेत आणि त्यांतल्या एकाशी अजून माझा नमस्कार-चमत्कार आहे.

होळीच्या सुमारास वर्दी आली. वर्कशॉपमध्ये ग्राइंडरचं चाक फुटलं होतं आणि त्याचा तुकडा डोक्याला लागून एक कामगार जागीच गेला होता. चाकावर लोखंडी गार्ड, म्हणजे संरक्षक झाकण असतं, ते तिथे नव्हतंच. ग्राइंडर चालवणारा ऑपरेटर ऐन पंचविशीतला गुजराती तरुण. त्याचं आणि मेलेल्या कामगाराचं सकाळीच डबा ठेवायच्या जागेवरून भांडण झालं होतं आणि ते सगळ्यांनी ऐकलं होतं. मालकाने जबाब दिला की सकाळी गार्ड जागेवर होता, ऑपरेटरनेच रागाच्या भरात तो काढला आणि कुठे टाकला देव जाणे. फोरमनने तेच सांगितलं. वर म्हणाला, "मी हटकलं, त्यानं ऐकलं नाही." ऑपरेटर सांगत होता की गार्ड आधीपासूनच नव्हता, पण बाकीचे कामगार मालकाला भिऊन म्हणाले, आम्ही बघितलं नाही.

हा फोरमन आपला मराठी माणूस, ख्रिस्ती. वडील नगरकडून रेल्वेत आले आणि इथलेच झाले. चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या वेळी भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला वाटायला मदत करण्याचा मान त्याला होता. चहाच्या टपरीपासून समोरच्या दवाखान्यापर्यंत सगळे एकच सांगत होते, तो माणूस खोटं बोलत नाही. जबाबावर सही करताना मी त्याच्या हाताकडे मुद्दाम बघितलं. ती माझी सवय. पेन धरलेला हात जरासुद्धा हलला नाही.

ऑपरेटरवर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल झाला आणि तो जेलमध्ये गेला. जबाब होता, भांडण होतं, गार्ड नव्हता. अशा कागदावर कोणत्याही अधिकाऱ्याने हेच केलं असतं. पण त्याची आई रोज पोलीस स्टेशनच्या दाराशी येऊन बसायची. रडायची नाही, आरडाओरडा करायची नाही, नुसती बसायची. एकदा मी विचारलं, "बा," गुजरातीत आईला बा म्हणतात, "घरी का जात नाही?" म्हणाली, "साहेब, घरी कशी जाऊ? आखी चाली मला खुनीनी मा म्हणते." आखी चाली म्हणजे सगळी चाळ. तिचं ते मराठी-गुजराती मिश्रण अजून कानात आहे.

मला केसमध्ये एकच गोष्ट टोचत होती. काढलेला गार्ड गेला कुठे? चांगला जड लोखंडी गार्ड, खिशात घालून नेण्याजोगा नाही. झडती घेतली, भंगाराचा ढीग उपसला, काही मिळालं नाही. आरोपपत्राची मुदत जवळ येत चालली.

आणि खबर मिळाली ती माझ्याच स्टेशनातून. आमच्या महिला कॉन्स्टेबल त्याच चर्चच्या. एका दुपारी चहा पिताना घुटमळत म्हणाल्या, "साहेब, चुगली नाही हं. पण तुमचे ते फोरमनकाका आजकाल प्रभुभोजन घेत नाहीत."

"मग? पोट बिघडलं असेल."

"हसू नका साहेब. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळे प्याला घ्यायला वेदीपुढच्या कठड्यापाशी जातात, ते बाकावर मान खाली घालून बसून राहतात. वाटायचं कामही सोडलं. गुड फ्रायडेलासुद्धा उठले नाहीत. आमच्यात मनात पाप ठेवून प्याला घेत नाहीत. कुणाचं वाईट केलं असेल तर आधी त्याच्याकडे जाऊन मिटवायचं, मग पुढे यायचं. नाहीतर तो प्याला आपल्याच अंगावर येतो."

"सगळे पाळतात हे?"

"सगळे कसले! ते पाळतात."

हे काही पंचनाम्यात लिहिता येत नाही. 'साक्षीदाराने प्रभुभोजन घेतले नाही' असं मी कोर्टात सांगितलं असतं तर न्यायाधीशांनी मलाच डॉक्टरकडे पाठवलं असतं. पण माणूस ओळखण्यात माझा हातखंडा होता, हे मी बिनदिक्कत सांगतो. ज्याच्या मनात काही नाही तो माणूस वर्षानुवर्षांचा मान आपणहून सोडत नाही.

मी फोरमनला पुरवणी जबाबासाठी बोलावलं. खोलीतल्या सगळ्यांना बाहेर काढलं. आवाज चढवला नाही, टेबलावर हात आपटला नाही. या माणसावर ते चाललंच नसतं. मी मराठीत गप्पा मारल्यासारखं विचारलं, "फोरमनसाहेब, परवा पहिला रविवार. चर्चला जाणार ना?"

"जाईन की."

"आणि प्याला घेणार?"

त्याचा चेहरा असा उतरला की मला खुर्चीतून उठावंसं वाटलं. मग म्हणाला, "गार्ड मी काढला, साहेब. दिवाळीनंतरच काढला. घासायचे मोठे जॉब बसत नव्हते, मालक म्हणाले काढा. तो ऑपरेटर पोरगा आला तेव्हापासून गार्ड नव्हताच."

"म्हणजे मालकाने काढायला लावला."

"मालकांनी सांगितलं. पण पाना माझ्या हातात होता." हे तो ठामपणे म्हणाला, मी सुटकेची वाट दाखवत असूनसुद्धा. "चाक फुटलं तेव्हा मालक म्हणाले, तू काढलास, तूच आत जाशील. मी घाबरलो. जेलला भ्यालो आणि देवाला विसरलो. घरी रोज बायबल उघडतो, मुलांना सांगतो देवाचं भय बाळगा, पवित्र राहा. आणि एक पोरगा माझ्यामुळे जेलमध्ये. तुमच्यासमोर बसता येतं साहेब, देवासमोर नाही बसता येत."

"गार्ड कुठे आहे?"

"मालकांच्या गोत्रीच्या बंगल्यात. गच्चीवर, तुळशीच्या कुंडीखाली. तेव्हाच बैठक म्हणून नेला."

मी कपाळावर हात मारला. आम्ही भंगार उपसत होतो आणि गार्डावर तुळस डोलत होती! पोलिसापुढचा कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही, म्हणून मी एक मिनिट न दवडता पंच घेऊन गोत्री गाठली. कुंडी उचलली, गार्ड खाली. मालक म्हणाला, हा दुसराच, जुना. छाणीला नेऊन बसवला तर बोल्टाची भोकं अचूक जुळली. मग शेजाऱ्याने उत्तरायणाचे, म्हणजे संक्रांतीचे फोटो मोबाइलवर दाखवले. पतंगाची फिरकी धरलेला मालक, आणि मागे तीच कुंडी, खाली तोच गार्ड. होळीला काढलेला गार्ड जानेवारीत गच्चीवर असूच शकत नव्हता.

फोरमनचा जबाब न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर झाला. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "साहेब, अटक करा, पण आधी त्या पोराच्या आईकडे न्या."

मी नेलं. ती चाळीच्या नळावर कपडे धूत होती. फोरमन तिच्यासमोर हात जोडून उभा राहिला आणि खालच्या आवाजात सांगायला लागला. तिने हातातलं कापड बादलीत टाकलं आणि म्हणाली, "मोटेथी बोलो. आखी चाली सांभळे एम."

बरोबरच होतं तिचं. बदनामी मोठ्याने झाली होती. फोरमनने मान वर केली आणि पुऱ्या चाळीला ऐकू जाईल असं सांगितलं, तुमच्या मुलाने काही केलं नाही, खोटं मी बोललो. दारं उघडली, माणसं बाहेर आली. तो पुन्हा एकदा बोलला, त्यांच्याकडे तोंड करून. त्या बाईने त्याला माफ केलं की नाही मला माहीत नाही. तिने पदर खोचला आणि उरलेले कपडे धुवायला घेतले. पण त्या दिवसापासून ती स्टेशनच्या दाराशी बसायला आली नाही.

ऑपरेटर सुटला. मालक आणि फोरमन दोघांवर आरोपपत्र गेलं. फोरमनला जामीन मिळाला तेव्हा कॉन्स्टेबलबाई म्हणाल्या, साहेब, या रविवारी चर्चला चला. मी गणपतीवाला माणूस, तरी गेलो. साध्या कपड्यांत शेवटच्या बाकावर बसलो.

आयुष्यभर मी लोकांना पोलिसाची भीती दाखवली. त्या भीतीचा उपयोग असतो, मी नाही म्हणत नाही. पण ती दार लावलं की संपते, आणि वकील आला की तिला पाय फुटतात. फोरमन माझ्या भीतीने एक अक्षरही खरं बोलला नव्हता. जे माझ्याने झालं नाही ते त्या न घेतलेल्या प्याल्याने केलं, आणि तेही कुणी बघत नसताना, त्याच्या घरात, त्याच्या झोपेत. असं भय मी कधी पाहिलं नव्हतं. पळून जायला लावणारं नाही, परत आणणारं.

रांगा पुढे सरकल्या. फोरमन सगळ्यांत शेवटी उठला, कठड्यापाशी गुडघे टेकले आणि पाळकांनी दिलेला अंगठ्याएवढा प्याला घेतला. माझ्यासमोर खोट्या जबाबावर सही करताना न हललेला तो हात इतका थरथरत होता, की त्याला दुसऱ्या हाताने तो सावरावा लागला.